नंबरवाला बोल्ट

शिकारीचे परवाने मिळत होते त्या काळातली गोष्ट. कारखान्यातून आलेली एक साधी रायफल मालकाने लतीफमिस्त्रीकडे नटवायला दिली. तिच्या प्रत्येक भागावर एकच नंबर कोरलेला होता आणि काडतूस नळीत ढकलणाऱ्या बोल्टला त्याचा भारी तोरा होता.

मिस्त्रीने खांद्याला टेकवायचा जुना दस्ता काढून अक्रोडाच्या लाकडाचा बसवला. बोल्टने त्याला लगेच हटकलं, "नंबर दाखव."

"माझ्यावर नाही हो," दस्ता म्हणाला.

"मग आलास कुठून? कुणी पाठवलं?"

पुढे नवा चाप आला, दुर्बीण आली. त्यांचीही तशीच झडती झाली. दुर्बीण तर वर बसून आपल्यावरच नजर ठेवते, अशी बोल्टची खात्रीच होती.

"नळीबाई, आता आपण दोघंच घरचे उरलो," तो कुजबुजला. "ज्याच्यावर नंबर नाही, तो आपला नाही. ध्यानात ठेव."

नळीने ते ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने बोल्टच बाहेर काढला. तो अडकत होता, म्हणून घासूनपुसून आरशासारखा चकचकीत केला आणि परत नळीमागे सरकवला.

"आलो गं," बोल्ट म्हणाला.

नळीने त्याला खालीवर न्याहाळलं. घासण्यात नंबर पार निघून गेला होता.

"आपण कोण?" तिने विचारलं. "कुणी पाठवलं आपल्याला?"