मोहसराच्या तळाचे पितळी वाघ

एका राज्यात सगळं काही राजाच्या हुकमाने चाले, फक्त एक सरोवर तेवढं हुकूम मानत नसे. त्याचं नाव मोहसर. ऐलतीरावर राजधानी, पैलतीरावर देशोदेशीची पेठ, आणि मधे पाणीच पाणी. मीठ, लोखंड, मसाले सगळं पलीकडे. अलीकडे नुसती वाट पाहणारी माणसं. म्हणून तिथल्या राजांनी पिढ्यानपिढ्या एकच दवंडी पिटली होती. जो कोणी आपली नाव पैलतीराला लावील, त्याला तरीचा मक्ता मिळेल, म्हणजे नावेने माणसं नि माल ने-आण करण्याचा पिढीजात हक्क.

हौशी माणसांना काय तोटा? दर हंगामाला कोणी ना कोणी नाव बांधी, ढोल वाजवत पाण्यात सोडी, आणि मोहसर ती गिळून टाकी. माणूस तेवढा पोहत काठाला येई. पण त्या पाण्यावर धुंधर नावाच्या मायाव्याचा शाप होता. ज्याची नाव बुडे, त्याच्या डोक्यातून ती नाव बांधण्यात गेलेले सगळे दिवस धुऊन जात. तो ओलाचिंब बाहेर येऊन म्हणे, चला, आता नाव बांधायला घेऊ. आणि पुन्हा तश्शीच नाव बांधायला बसे.

बरं, काठावरच्या लोकांनी तरी सांगावं ना? छे. लोक फार सभ्य. नाव निघाली की सगळे पाठ फिरवून उभे राहत, कारण बुडणाऱ्याकडे पाहणं म्हणजे त्याची अब्रू काढणं, असा तिथला रिवाज. माणूस बाहेर आला की त्याला कोरडे कपडे देत, गरम पेज देत आणि म्हणत, "काही झालं नाही हो." आता ह्याला माया म्हणावं की काय म्हणावं, तुम्हीच ठरवा.

त्या काठावर रायाजी नावाचा नावा बांधणारा सुतार राही. त्याने जोडलेल्या फळ्यांतून पाण्याचा थेंब शिरत नसे. पण त्यानेही मक्त्याचा ध्यास घेतला, आणि इतक्या नावा बुडवल्या की त्याची वर्षंच्या वर्षं मोहसरात गेली. त्याची मुलगी पवळा नेमकी ह्याच वर्षांत मोठी झाली. त्यामुळे रायाजीच्या लेखी पवळा अजून परकरी पोर होती. समोर उभ्या असलेल्या तरण्या मुलीला तो अदबीने विचारी, "बाई, आमची पवळी कुठे दिसली का हो? जेवायची वेळ झाली."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा पवळा घरामागे जाऊन पोटभर रडली. मग तिने डोळे पुसले. सरोवराच्या मध्यावर एक बेट आहे, तिथे धुंधर लोकांचे चोरलेले दिवस रांजणांत भरून ठेवतो, हे तिच्या कानावर होतं. तिने ठरवलं, नाव बांधायची, बेट गाठायचं, बापाचे दिवस परत आणायचे आणि येताना तरीचा मक्ताही घ्यायचा. कमी मागणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

तिने राजाच्या रानातलं सागवान मागून आणलं आणि नाव बांधली. कशी बांधली, किती खपली, ते तिला विचारू नका. ते दिवस तिच्यापाशी उरलेच नाहीत. ती काठावर आली तेव्हा केसांतून पाणी निथळत होतं, आणि शेजारची भागामावशी कोरडं लुगडं पुढे करून म्हणत होती, "काही झालं नाही गं बाई." पवळा म्हणाली, उद्यापासून नाव बांधायला घेते.

तेवढ्यात खुंटावर पंख वाळवत बसलेला एक पाणकावळा बोलला, "फुटली."

पाणकावळे त्या राज्यात बोलत, त्यात नवल काही नव्हतं. पण ते पाण्याखाली पाहिलेलंही बोलून टाकत, म्हणून लोक त्यांना अभद्र म्हणत आणि दगड मारत. पवळेनेही दगड उचलला. उचलताना तिला स्वतःचा हात दिसला. तळव्याला फोड आलेले, नखांत ताजी राळ. हे कधी झालं, तिला आठवेना. तिने दगड खाली टाकला. सोपं नव्हतं हं ते. कोणी आपली नामुष्की तोंडावर सांगत असताना हातातला दगड टाकून पाहा, मग कळेल.

"कुठे फुटली?" तिने विचारलं.

पाणकावळ्याने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. त्याला आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "नाळेवर. पुढचं टोक आधी खाली गेलं. सगळ्यांचं तसंच जातं. तळाशी पितळी वाघांची रांग लागली आहे."

वाघांची गोष्ट अशी. नाळेवर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावर, पितळेचं भलंमोठं व्याघ्रमुख बसवायचं ही जुनी राजाज्ञा होती. दिसायला काय झोक! पण सरोवराच्या मध्याआधी उलटा प्रवाह लागे, आणि त्या ओझ्याने नाव नाक खुपसून तळाला जाई. पिढ्यान्‌पिढ्या नावा बुडाल्या, पण वाघ कोणी काढला नाही, कारण कुठे बुडाली हेच कोणाला आठवत नसे.

पवळा तडक दरबारात गेली आणि मेघांक राजापुढे उभी राहिली. तिचं मागणं ऐकून राजाच्या कपाळाला आठी पडली.

"व्याघ्रमुखावाचून नाव सोडणं हा राजद्रोह आहे."

"महाराज, आपले सगळे वाघ तळाशी आहेत."

राजा तापट खरा, पण खोटा नव्हता. त्याने परवानगी दिली, मात्र अट घातली: ही नाव बुडाली तर राजरानातली काडीसुद्धा पुन्हा मिळायची नाही.

मग पवळेने दुसरी नाव बांधली. वाघ नाही, ओझं नाही, हलकी, उंच, ताठ. चूक सापडली म्हटल्यावर माणसाला वाटतं आता सगळं जिंकलं, पवळेलाही वाटलं. एवढं मात्र तिने शहाणपणाने केलं, की निघण्याआधी पाणकावळ्याला सांगून ठेवलं, बुडालेच तर मला सगळं पहिल्यापासून सांग. आणि ती बुडाली.

पुन्हा तेच. निथळणारे केस, भागामावशीचं लुगडं, काही झालं नाही गं बाई. दरबार, राजाची अट, पाणकावळ्याची ओळख, सगळं पुसलं गेलेलं. खुंटावरून आवाज आला, "उलटली," आणि पवळेने दगड उचलला.

"टाक तो," पाणकावळा म्हणाला. "मागच्या खेपेला टाकला होतास."

तिने टाकला. मग त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. ही नाव प्रवाह पार करून गेली, मध्यावर बाजूचा वारा आला, आणि वजन नसलेली नाव डाव्या अंगावर झोपली. पवळेने खाली मान घालून ऐकून घेतलं. शेवटी तो पंख मिटून म्हणाला,

"अजून एक आहे. ऐकायचं आहे का?"

"सांग."

"तू फळ्या तासत होतीस तेव्हा तुझ्या बापाने तुला नावाने हाक मारली. पवळे म्हणाला. एकदाच, पण ह्या मोठ्या झालेल्या तुला."

पवळा तिथेच चिखलात बसली. जी एक गोष्ट ती उराशी धरून होती ती तिला मिळाली होती, आणि तिला ती आठवत नव्हती. सरोवराचा राग आला, राजाचा आला, पाणकावळ्याचा आला, स्वतःचा तर सगळ्यांत जास्त आला. त्यात लाकूडही संपलं होतं. बराच वेळ ती तशीच बसून राहिली. मग उठली, लुगड्याचा चिखल झटकला आणि भरबाजारात जाऊन उभी राहिली.

"मी दोनदा बुडाले," ती मोठ्याने म्हणाली. "कोणी पाहिलं असेल त्याने मला सांगावं."

काय ती तारांबळ उडाली म्हणता! कोणी पागोटं सावरू लागलं, कोणी मुलांचे कान झाकले, एकाने तर दुकानाची फळीच लावून घेतली. असलं बोलणं त्या बाजाराने कधी ऐकलं नव्हतं. शेवटी भागामावशी पुढे झाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खालमानेने तिने कबूल केलं, की तिने चोरून पाहिलं होतं. वारा आला तशी पवळा घाबरून उठून उभी राहिली, आणि उभी राहिली म्हणूनच नाव गेली.

एकदा एक बोलल्यावर मग काय! सगळ्यांनीच चोरून पाहिलं होतं. जो तो आपापलं सांगू लागला, वारा कुठून वळतो, पाणी कुठे काळं दिसतं, कोणाच्या आजोबांची नाव कशी फिरली. इतकी वर्षं पोटात दाबलेलं बाहेर पडत होतं. पवळेने सगळं ऐकून घेतलं.

बाजाराच्या कडेला रायाजी उभा होता. त्याने हातातला लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला आणि तिला आपल्या अर्धवट बांधलेल्या नावेपाशी घेऊन गेला. "ही तुम्ही घ्या, बाई," तो म्हणाला. "'मी बुडाले' असं म्हणणारं माणूस आज पहिल्यांदा पाहिलं."

बापलेक कामाला लागले, म्हणजे लेकीला ठाऊक होतं की बापलेक आहोत. वाघाची जागा रिकामी ठेवली, बूड रुंद केलं. तरी बाजूच्या वाऱ्याचं काय, हा प्रश्न होताच. पाणवठ्यावर भागामावशी एका कडेवर भरली घागर घेऊन चालली होती आणि तोल राखायला दुसरा हात लांब बाहेर काढत होती. पवळेने ते पाहिलं आणि नावेलाही तसा हात दिला. दोन बांबू आडवे बाहेर काढले, त्यांच्या टोकांना एक हलकं लाकूड पाण्याला टेकेल असं बांधलं. ह्याला उलांडी म्हणतात. त्या राज्यात ती आधी कोणी पाहिली नव्हती.

तिसरी नाव निघाली तेव्हा लोकांनी पाठ फिरवली नाही. सगळा काठ डोळे फाडून पाहत होता. प्रवाह लागला, नाळ वरच राहिली. खालून बुडालेले पितळी वाघ डरकाळ्या फोडू लागले. फोडू देत, पवळा म्हणाली. मग मध्यावरचा वारा बाजूने आला. पवळेचे पाय आपोआप उठायला लागले. "बस, पवळे, बस," ती स्वतःला दटावत राहिली आणि फळी घट्ट धरून बसली. उलांडी पाण्याला टेकली, कुरकुरली, आणि नाव सरळ झाली. तिकडे काठावर भागामावशीने हातात तयार ठेवलेलं कोरडं लुगडं हवेत भिरकावलं.

बेटावर धुंधर एकटाच राहत होता. थकलेला, वाकलेला म्हातारा. त्याच्याभोवती रांजणच रांजण. तो रागावला नाही. त्याने पवळेचा आणि रायाजीचा रांजण पुढे ओढला आणि एक तलम वस्त्र काढलं.

"तुझे दिवस ने, बापाचेही ने," तो म्हणाला. "बुडाल्याचं तेवढं मी गाळून देतो. ते फार दुखतं."

खरं सांगायचं तर पवळेला मोह झाला. कोणाला होणार नाही? पण तिने विचारलं, "गाळल्यावर काय काय जाईल?"

"बुडण्याला जे जे चिकटलं आहे ते सगळं."

पवळेने वस्त्र बाजूला सारलं, आपला रांजण उचलला आणि तोंडाला लावला. नाकातोंडात पाणी गेलं ते आठवलं, छातीतली भीती आठवली, दोन्ही वेळची लाज आठवली. आणि त्यातच, फळ्या तासतानाची सकाळ आली, आणि बापाचा आवाज आला, पवळे. ती तिथे उभी राहून हमसाहमशी रडली, आणि रडता रडता हसली.

मग तिची नजर कोपऱ्यातल्या एका रांजणाकडे गेली. तो सगळ्यांत जुना होता आणि त्याचं तोंड मेणाने बंद केलेलं होतं. हा कोणाचा, तिने विचारलं. धुंधरने नजर चुकवून त्या मेणावर हात झाकला. तिला उमगलं. ती त्याच्यासमोर बसली.

"बाबा, तुमची नाव कुठे फुटली?"

मोहसरावर पहिली नाव त्याने सोडली होती. भर दरबारासमोर ती बुडाली, आणि सगळा दरबार हसला, राजा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. ते हसणं सोसेना, म्हणून त्याने शाप दिला होता की ह्यापुढे कोणाचंच बुडणं कोणाला आठवू नये. हे सगळं त्याने पवळेला सांगितलं. पवळा हसली नाही. तिने पुन्हा विचारलं, कुठे?

"मधल्या जोडावर," धुंधर म्हणाला. "राळ वाळली नव्हती. मी घाई केली."

एवढं बोलताच मेण तडकलं आणि झाकण उडालं. पाठोपाठ सगळ्या रांजणांची झाकणं उडाली. दिवस बाहेर पडले आणि ज्याचे त्याच्या घरी गेले. मोहसराच्या तळातून बुडालेल्या नावा एकामागून एक वर आल्या आणि वाघांसकट पाण्यावर तरंगू लागल्या. शाप तुटला.

पवळेची नाव आधी पैलतीराला लागली आणि मग ऐलतीराला परत आली. मेघांक राजा स्वतः काठावर आला. आपल्या वाडवडिलांचे वाघ पाहून त्याने मान खाली घातली आणि हुकूम सोडला, की हे वाघ वितळवून नावांचे खिळे करा, जुन्या नावा काठाने मांडून ठेवा, आणि नवी नाव बांधणाऱ्याने आधी ह्या रांगेतून चालून यावं. पाठ फिरवण्याचा रिवाज त्याच दिवशी बंद झाला. धुंधरला माफी मिळाली, आणि पाणकावळ्यांना दगड मारणाऱ्याला दंड ठरला. पवळेला तरीचा मक्ता मिळाला.

पण पवळेचं ह्या कशाकडे लक्ष नव्हतं. ती गर्दीतून वाट काढत रायाजीपाशी पोचली. त्याची सगळी वर्षं एकदम परत आली होती, त्यामुळे तो डोकं धरून एका ओंडक्यावर बसला होता. त्याने वर पाहिलं. तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"केवढी झालीस गं, पवळे," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या सकाळी तरीचा पहिला फेरा निघाला. पेठेत जायला माणसांची झुंबड उडाली होती, पण पवळेने बापाला सगळ्यांत पुढे बसवलं. उलट्या प्रवाहाची जागा आली तसा रायाजी बोट दाखवून सांगू लागला, इथे माझी पहिली बुडाली, शिवणीच्या झाडाची लाकडं होती, काय नाव होती म्हणून सांगू! मग दुसरी कशी गेली ते सांगितलं, मग तिसरी. नावेतली माणसं पुढे सरकून ऐकत होती, मधेच प्रश्न विचारत होती, आणि म्हातारा आणखीच रंगात येत होता. पैलतीर आलं, माणसं उतरली, तरी त्याच्या नावा काही संपल्या नव्हत्या. म्हणून पवळेने सुकाणू फिरवलं, आणि बापलेक पुन्हा पाण्यात निघाले.