रानजाईने जिथे भुई धरली

पाथरवाडीच्या वरच्या अंगाला देवराई आहे. तिथले बेहडे आणि आंबे इतके जुने, की चार माणसांनी हात धरून कवेत घेतलं तरी खोड पुरं होत नाही. त्यांच्यामधून जाणाऱ्या वाटेतच रानजाई देवीचा तांदळा, म्हणजे बिनघडणीचा शेंदरी दगड, उघड्यावर, जरासा कलून बसलेला आहे. देवी अशी वाटेत का, असं पाहुण्यांनी विचारलं की म्हातारे बाबू आखाडे काठी बाजूला ठेवून खाली बसतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी गाव डोंगरापलीकडे होतं म्हणे. साथीत घरंच्या घरं ओस पडली, तेव्हा उरलेल्यांनी अलीकडे नदीकाठच्या काळ्या जमिनीवर जायचं ठरवलं. देवीची पूजा ठकूबाईच्या घराकडे. नवरा आणि दोन्ही मुलगे साथीत गेलेले, म्हणून तांदळा तिच्याच डोक्यावर आला. नेम असा, की देवी उचलली ती नदीकाठीच ठेवायची. मध्ये जिथे टेकेल तिथेच ती कायमची, आणि गावही तिच्याजवळच.

माणसं गुरं घेऊन पुढे गेली. ठकूबाई मागे पडली आणि तिच्याही मागे खैऱ्या, तिचा म्हातारा कुत्रा. घरातला तेवढाच एक जीव उरला होता. तिची मान आखडली होती, पाय सुजले होते. रडायचंही त्राण नव्हतं. या झाडांखाली आल्यावर खैऱ्या बसला. तिने हाक मारली, त्याने शेपटी हलवली, पण त्याला उठवेना. ती थोडी पुढे गेली आणि वळून पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. रान वाघाचं आणि दिवस कलत आलेला.

ती बराच वेळ तशीच उभी राहिली, असं सांगतात. मग गुडघे टेकून तिने देवी उतरवली आणि कुत्र्याला उचललं.

तिला शोधत मागे आलेला राघोजी पाटील ते बघून धावत पुढे आला. नदीकाठ हातचा गेला होता. हे काय केलंस, एवढंच त्याने विचारलं.

"तिला सांभाळायला एवढं रान आहे," ठकूबाई म्हणाली. "याला कोण होतं?"

चालवत नाही म्हणून स्वतःची आजारी आई राघोजीने जुन्या गावात मागे ठेवली होती. तो वळला आणि आल्या वाटेने डोंगर चढू लागला. दुसऱ्या दिवशी आईला पाठीवर घेऊन आला. म्हातारी इथवर पोचली, लेकाच्या हातचं पाणी प्याली आणि याच झाडांखाली तिने डोळे मिटले.

गाव इथेच खडकाळ उतारावर वसलं. ठकूबाईला कुणी बोल लावला नाही, असं म्हणतात. पण नदीकाठाकडे बघून उसासे मात्र पुष्कळांनी टाकले.

आजही पाथरवाडीत नाचणीपलीकडे फारसं पिकत नाही आणि रानजाईची पालखी निघत नाही. जत्रेला मात्र ज्यांना चालवत नाही अशा माणसांना आणि कुत्र्यांना पाठीवर घेऊन लोक हा चढ चढतात. वर आल्यावर नारळ लगेच फोडायचा नाही. आधी पाठीवरच्या जिवाला सावलीत उतरवायचं, पाणी पाजायचं. तोवर देवी थांबते.