टिटव्यांचे राखणदार

फार पूर्वी, नदीकाठच्या माळावर टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालत. परकं पाऊल दिसलं की एक ओरडे, मग सगळा माळ ओरडे, आणि कोल्हा वैतागून निघून जाई. तरी अधूनमधून एखादं अंडं जायचंच. म्हणून टिटव्यांनी पलीकडच्या काठावरच्या कुत्र्यांना मदतीला बोलावलं.

"आता पहारा आमचा," कुत्र्यांचा म्होरक्या म्हणाला. "तुम्ही ओरडू नका. आमची झोपमोड होते."

"पहारेकऱ्याला कसली झोप?" साळू टिटवीने विचारलं. बाकीच्यांनी तिलाच गप्प केलं.

कोल्हा लांब गेला. कुत्रे मात्र वर्षानुवर्षं राहिले. अंडी अजूनही नाहीशी होत, पण विचारणार कोण? पिल्लं मुकाट्यानेच मोठी झाली.

मग एका सकाळी कुत्रे न सांगता नदीपार निघून गेले, आणि दुपारी कोल्हा आला. ओरडायची सवयच मोडली होती; कोणीच ओरडलं नाही. माळावर नुसती टरफलं उरली.

काही दिवसांनी म्होरक्या पलीकडून म्हणाला, "इतकी वर्षं तुम्हाला राखलं, आणि तुम्हाला साधं ओरडताही येऊ नये? यात आमचा काय दोष? हवं तर परत येतो."

"येऊ द्यायचं का गं?" तरण्या टिटव्यांनी आता म्हाताऱ्या झालेल्या साळूला विचारलं.

"बोलावलं आपणच होतं, तेवढा दोष आपला," साळू म्हणाली. "ती चूक पुन्हा करायची नाही."

म्होरक्याने पाण्यात पाय टाकला. साळू जिवाच्या आकांताने ओरडली. क्षणभराने एका तरुण गळ्यातून चिरका, फाटका आवाज निघाला. मग दुसऱ्यातून. मग सगळ्या माळावरून.

म्होरक्याने पाय मागे घेतला.