जुन्या पानांतले पाणी

एकदा एका व्यापाऱ्याला काटेरी झाडांचे वेड लागले. व्यापारी भांड्यांचा होता. त्र्यंबकशेठ त्यांचे नाव. तांब्या-पितळेच्या धंद्यात चाळीस वर्षे गेलेली, स्वभाव शिस्तीचा, आणि पेठेतल्या दुकानात त्यांच्या नजरेवाचून एक पळीसुद्धा जागची हलत नसे. साठी उलटली आणि एके दिवशी छातीत कळ येऊन गेली. डॉक्टरांनी औषधे लिहून दिली आणि शेवटी म्हणाले, "दुकान सोडून दुसऱ्या कशात तरी जीव रमवा."

त्याच गावात त्यांचे शाळेतले शास्त्राचे गुरुजी राहत असत. वय ऐंशीच्या घरात. घराच्या गच्चीवर पारदर्शक पत्र्याखाली त्यांनी तीनशेहून अधिक कुंड्या मांडल्या होत्या. कुठे निवडुंगाचे गोल गड्डे, कुठे पांढऱ्या केसांनी झाकलेले खांब, कुठे गुलाबासारखी उमललेली जाड पाने. त्र्यंबकशेठ सहज म्हणून भेटायला गेले आणि दुपारच्या जेवणाचीही त्यांना आठवण राहिली नाही. पुढे दर रविवारी जाऊ लागले. मातीत खडी किती मिसळायची, काटे न लागता झाड वर्तमानपत्राच्या घडीत धरून कसे उचलायचे, हे सारे शाळकरी मुलाच्या निष्ठेने शिकले. तीन वर्षांत त्यांच्या स्वतःच्या गच्चीवर साठ कुंड्या झाल्या.

मन मात्र दुकानातून निघाले नव्हते. सकाळचा एक तास झाडांचा. उरलेला दिवस गल्ल्यावर. मुलगा शैलेश छत्तीस वर्षांचा, त्यातली चौदा दुकानात काढलेली. गिऱ्हाईक त्याच्याशी बोलत असले तरी उत्तर गल्ल्यावरून येत असे. "ते नको, जाड बुडाचं पातेलं दाखव त्यांना." शैलेश हातातले पातेले मुकाट्याने फळीवर ठेवून दुसरे काढी. त्याने कधी उलट उत्तर दिले नाही, आणि म्हणून सारे सुरळीत चालले आहे असेच शेठना वाटत असे.

मार्गशीर्षात गुरुजींनी त्यांना एक लहानशी कुंडी दिली. तीत लिथॉप्स नावाचे झाड होते. झाड कसले, बारीक खडीत रुतलेला एक करडा गोटा. नीट पाहिले तर दोन जाड पाने एकमेकांना चिकटलेली आणि मध्ये एक फट.

"याचं फूल नुकतंच गळलंय," गुरुजी म्हणाले. "आता मी सांगेपर्यंत पाणी घालायचं नाही. थेंबभरसुद्धा नाही."

घरी कुंडी पाहून शेठची पत्नी कुमुद हसली. "नदीवरून खडे वेचून आणायला लागलात की काय?"

पण शेठचा त्या खड्यावरच जीव जडला. पौष लागला तशी मधली फट रुंदावली आणि आत ज्वारीच्या दाण्याएवढे काही हिरवे दिसू लागले. त्याच सुमारास बाहेरची पाने सुरकुतू लागली. रोज सकाळी पाहावे तर आणखी एक सुरकुती. शेठना ते बघवेना. आठ दिवस त्यांनी कसाबसा धीर धरला आणि नवव्या दिवशी पाणी घातले. दोन दिवसांत पाने पुन्हा टरारून फुगली. गुरुजींनाही कधी चुकायला होत असेल, असे मनाशी म्हणून ते चार दिवसांआड पाणी घालू लागले.

माघ सरत आला. बाहेरची पाने तुकतुकीत होती. आतला दाणा मात्र होता तेवढाच राहिला होता, आणि एका बाजूने चेपलाही होता.

याच दिवसांत एका दुपारी कुमुदने जेवायला वाढता वाढता सांगितले, "शैलेशला पुण्याच्या एका कंपनीत बोलावलंय. पाडव्यानंतर जाईन म्हणतो."

शेठच्या हातातला घास तसाच राहिला. "मला नाही सांगितलं ते?"

"तुम्हाला सांगायला तुम्ही आधी ऐकून घ्यायला हवं ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे शेठना ते अधिक लागले. आपण एवढे राबलो ते कोणासाठी? सोमवारी त्याला समोर बसवायचे आणि पुण्याचे खूळ डोक्यातून काढ म्हणून स्पष्ट सांगायचे, असे त्यांनी ठरवून टाकले.

मध्ये रविवार होता. लिथॉप्सची कुंडी घेऊन ते गुरुजींकडे गेले. गुरुजींनी चष्मा पुसला, पान बोटाने हलकेच दाबून पाहिले.

"पाणी घातलंस."

"सुकत होतं, गुरुजी. बघवेना मला."

गुरुजींनी खणातून नवे ब्लेड काढले, स्पिरिटच्या बोळ्याने पुसले आणि त्या टपोऱ्या पानाला वरपासून बुडापर्यंत चीर दिली. स्वच्छ पाणी कुंडीच्या काठावरून टेबलावर ओघळले. शेठनी त्यांचे मनगट धरले.

"गुरुजी, काय करताय? कुजलेली नाहीत ती. चांगली धडधाकट पानं आहेत."

"धडधाकट आहेत हे खरंच आहे," गुरुजी म्हणाले. त्यांनी हात सोडवून घेतला, दुसऱ्या पानालाही तशीच चीर दिली आणि जखमा कुजू नयेत म्हणून त्यांवर दालचिनीची पूड भुरभुरवली. मग ते खुर्चीत मागे टेकून बसले.

"त्र्यंबक, या झाडाची नवी पानं जुन्या पानांच्या पोटात वाढतात. त्या दिवसांत त्यांना वरून पाणी द्यावं लागत नाही. जुन्या पानांनी वर्षभर जे साठवलेलं असतं, तेच ती हळूहळू ओढून घेतात. जुनं आटतं तसं नवं भरतं. तू ते आटू दिलं नाहीस. जुन्या पानांत काही खोट नाही; तुझ्या मायेने ती चांगली पोसली गेली. पण आतल्याला ना पाणी मिळालं, ना अंग हलवायला जागा."

शेठ बोलले तेव्हा त्यांचा आवाज त्यांना हवा होता त्याहून कडक निघाला. "म्हणजे जुन्या पानांनी मरूनच जायचं?"

गुरुजी उठले आणि मांडणीवरून आपली एक कुंडी घेऊन आले. तीत नवी पाने ताठ वर आली होती. त्यांच्या बुडाशी पातळ, पिवळट, कागदासारखी एक पट्टी गुंडाळल्यासारखी बसली होती.

"ही बघ जुनी पानं. यांच्यात पाणी उरलेलं नाही, पण झाडाने यांना टाकलेलंही नाही. ऊन कडक झालं की नव्या पानांच्या बुडाशी सावली यांचीच असते. बघायला येणारे म्हणतात, हा कचरा काढून टाका, झाड शोभून दिसेल. मी काढत नाही."

"माझं वाचेल का?"

"सांगता येत नाही. उशीर झालाय. असं लाड करून मी स्वतः अकरा मारलीत. त्यातली निम्मी तर कारण कळल्यानंतर."

शेठनी टेबलावरचे पाणी रुमालाने टिपले. जायला उठताना त्यांनी विचारले, "गुरुजी, आमच्या शैलेशचं तुमच्या कानावर आलंय का?"

"शैलेशचं काय?" गुरुजींनी विचारले.

त्यांना खरोखरच काही माहीत नव्हते. "काही नाही," म्हणून शेठ जिना उतरले.

सोमवारी त्यांनी शैलेशला समोर बसवले नाही. दुकानात गेल्यावर गल्ल्यावरही बसले नाहीत. दाराजवळ गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसले. मुलीच्या लग्नासाठी भांडी घ्यायला आलेल्या एका बाईंनी सवयीने त्यांनाच विचारले, तेव्हा म्हणाले, "शैलेशला विचारा." शैलेशने चमकून पाहिले. मग पातळ, हलक्या पातेल्यांचा संच काढला. शेठच्या मते ती साफ चूक होती. शब्द अगदी ओठांवर आले. ते उठले आणि समोरच्या हॉटेलात जाऊन चहा घेत बसले. परत आले तेव्हा संच विकला गेला होता. बाईंच्या मुलीचा हात अधू होता, तिला जड भांडे पेलत नव्हते, हे त्यांना पुढे चार दिवसांनी कळले.

रोज असे साधत नसे. कधी जीभ सुटून जाई आणि शैलेशचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा मिटून जाई. फाल्गुनात कुंडीतली नवी पाने वर आली. एक बरे होते, दुसरे कायमचे वाकडे राहिले. पुण्याचा विषय शेठनी काढला नाही. शैलेशनेही काढला नाही.

पाडवा आठ दिवसांवर आला असताना शेजारच्या गावातून देवळाचे पंच घंटा घ्यायला आले. शैलेशने पितळेच्या तीन घंटा टांगून वाजवून दाखवल्या. पंचांना त्यांतली मोठी पसंत पडली. शैलेशने ती पुन्हा एकदा वाजवली, पुन्हा ऐकली, आणि तो दाराकडे वळला.

"अण्णा, जरा येता? हिचा आवाज मला खटकतोय, पण काय ते कळत नाही."

चौदा वर्षांत त्याने काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. यापूर्वी विचारायला जागाच राहत नसे. शेठ उठून आले, घंटेच्या काठाशी कान नेऊन बोटाच्या पेराने टिचकी मारली. नाद मध्येच किंचित फाटत होता.

"काठाला केसाएवढी चीर असेल. नखाने बघ."

शैलेशने नख फिरवले. एका जागी ते अडकले. त्याने ती घंटा उतरवून बाजूला ठेवली. "उरलेल्या दोन्हींतली कुठली देऊ?"

"दोन्ही ऐकव त्यांना," शेठ म्हणाले. "तुला योग्य वाटेल ती दे." आणि ते आपल्या खुर्चीकडे परतले.

पाडवा झाला, रामनवमी झाली. शैलेश पुण्याला गेला नाही. का गेला नाही, हे त्र्यंबकशेठनी त्याला कधी विचारले नाही.