सोणक तेल्याचा बैल

फार पूर्वी कुसुमवती नगरीवर विमलसेन राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व सोणक नावाच्या तेल्याच्या घरी बैल होऊन राहत होता. रंगाने पांढराशुभ्र, म्हणून त्याला धवळ्या म्हणत. सोणक माणूस भला, देवभोळा आणि कमालीचा हट्टी. जन्मभर देवळात तेल वाहूनही देव जवळ आहे असे त्याला एकदाही वाटले नव्हते, आणि ही गोष्ट त्याला आतून पोखरत होती. एकदा पुजारी म्हणाला, "वैशाखी पौर्णिमेला देवळाची अख्खी दीपमाळ जो एकट्याच्या तेलाने उजळील, त्याला देव जवळ करील." झाले, सोणक तिथल्या तिथे नवस बोलला.

पौर्णिमा म्हणजे उपोसथाचा, विसाव्याचा दिवस. त्या दिवशी तेलीआळीतला एकही घाणा फिरत नसे, बैलांच्या डोळ्यांवरची झापड उतरवून त्यांना मोकळे सोडत. पण सोणकाचे तेल अजून पुरते निघाले नव्हते.

"अहो, आज तरी सोडा त्याला," बायको म्हणाली.

"देवाचंच काम आहे ना हे? देवाच्या कामाला कसली सुट्टी?" असे म्हणून त्याने धवळ्याला जुंपले.

ऊन तापले तसा बैल फिरता फिरता गुडघ्यांवर बसला. सोणकाने काठी उगारली, तेव्हा बोधिसत्त्व मानवी वाणीने शांतपणे म्हणाला, "धनी, मारलंत तर उठेन, पण फार वेळ टिकणार नाही. त्यापेक्षा झापड काढा, नदीवर न्या. परत येऊन उरलेलं ओढतो, माझा शब्द आहे."

बैल बोललेला पाहून सोणक चपापला. नवस हुकेल, देव कायमचा पाठ फिरवील, अशी भीती त्याला वाटली. पण बैल मेला तर नवस तसाही बुडणारच होता. चरफडत त्याने झापड काढली.

नदीकाठच्या कुरणात पोचल्यावर धवळ्या पाणी प्यायला आणि करंजाच्या झाडाभोवती फिरू लागला. पळून जाईल म्हणून सोणक त्याच्या मागोमाग चालला. डोक्यात तेलाचा हिशेब चालूच होता. अचानक बैल थांबला आणि सोणक त्याच्या पाठीवर आदळला.

"धनी, इथे घाणा नाही."

सोणकाने खाली पाहिले. गवतात झाडाभोवती गोल वाट पडली होती. त्यात खुरांचे ठसे होते आणि तितकीच त्याची स्वतःची पावले. बैलाची सवय समजण्यासारखी होती, पण आपल्या डोळ्यांवर तर कुणी झापड बांधली नव्हती! त्याला आधी हसू फुटले आणि मग रडू आवरेना. तो तिथेच बसला.

करंजाचा फुलोरा त्याच्या अंगाखांद्यावर गळत होता. पाण्यावर एक खंड्या सूर मारून गेला. नदी कुणासाठी न थांबता वाहत होती, आणि कुणी काही वाहिले नव्हते तरी सगळीकडे लख्ख उजेड होता. ज्याला तो आयुष्यभर हाका मारत होता, तो शेजारी येऊन बसल्यासारखे त्याला वाटले. मन काठोकाठ भरले. किती सुंदर आहे हे, आणि घरापासून किती जवळ!

समोर रान मोकळे होते, दोर सुटलेला होता. तरी दिवस कलताच धवळ्या आपणहून गावाकडे वळला. "चला धनी, शब्द दिलाय."

सोणकाने त्याच्या गळ्याला मिठी मारली. "नाही रे बाबा, आज नाही. आज उपोसथ आहे."

रात्री दीपमाळ अर्धीच उजळली. पुजारी रागावला, "अरे, देवाला काय सांगशील?"

"सांगायचं काय, महाराज? आज दिवसभर आम्ही बरोबरच होतो," सोणक म्हणाला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा भिक्खू उत्तियाला सांगितली. दर उपोसथाला तो विहार इतका झाडत बसे की घटकाभर डोळे मिटून बसायला त्याला सवड मिळत नसे. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा सोणक तेली तू होतास, उत्तिया, आणि तो बैल मी." उत्तियाने हातातली केरसुणी खाली ठेवली आणि तो झाडाखाली जाऊन बसला.

सुटका समोर असताना धन्यासाठी मागे वळणाऱ्या बोधिसत्त्वाची मैत्री ती हीच.