थोरल्या गुण्याचा साइन

अवजारं आपसांत बोलत आणि भांडतही असत, त्या काळी भिवा सुताराकडे कोन आखायचे दोन त्रिकोणी गुण्ये होते. थोरला सागवानी, दोन फूट लांब. धाकटा पितळी, तळहाताएवढा. दोघांचंही टोक तीस अंशांचं, पण थोरल्याला आपल्या आकाराचा फार तोरा.

मंदिराच्या छपराचं काम आलं, तसा तो फूटपट्टीला म्हणाला, "माझा साइन मोजून या धाकट्याला ऐकवा बरं."

फूटपट्टीने तीस अंशांसमोरची बाजू मोजली आणि तिला कर्णाने भागलं. थोरल्याचे बारा इंच भागिले चोवीस, धाकट्याचे दोन भागिले चार.

"दोघांचाही अर्धाच," ती म्हणाली. "कोन सारखा, म्हणून साइनही सारखा."

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या पितळी टिकलीच्या बरोबरीचे आपण? कर्ण कमी केला की भागाकार वाढेल, असं ठरवून त्याने करवतीला गळ घातली. करवतीला काय, कापायला मिळालं म्हणजे झालं. तिने कर्णाचं तीस अंशांचं निमुळतं टोक उडवलं.

भिवाने कामाला निघताना त्याला उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि जळणात टाकलं. धाकट्याला घेऊन तो मंदिराकडे गेला.

"पण माझा साइन वाढला ना?" थोरल्याने ढिगातून विचारलं.

"समोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन, हे फक्त काटकोन त्रिकोणात, दादा," फूटपट्टी म्हणाली. "तुम्हाला आता चार कोपरे आहेत."