पहिलं मडकं नदीला

डोंगरापलीकडच्या एका गावात एक नियम होता, आणि त्याला कुणी ‘का’ विचारायचं नाही, हा त्याच्या पोटातला दुसरा नियम होता. जी कुणी आयुष्यात पहिल्यांदा सातूचं आंबवेल, तिनं आपलं पहिलं मडकं न चाखता नदीत ओतायचं. थेंबही मागे ठेवायचा नाही.

सातूचं म्हणजे मोड आणलेल्या सातूचं फेसाळ, किंचित कडवट पेय. शहरातले लोक त्याला बियर म्हणतात. गावात त्याला वेगळं नाव नव्हतं. सुगी संपली की बायका एकमेकींना विचारत, “तुमचं सातूचं आलं का गं वर?” आणि ज्या घरातून फेसाचा वास येई, त्या घराच्या ओसरीवर संध्याकाळी न बोलावता माणसं जमत.

पुढे बाजारात आयतं मिळू लागलं आणि घरोघरची मडकी पालथी पडली. शेवटी एकाच घरात सातूचं होत राहिलं, ते साळूच्या आईच्या. मागच्या पावसाळ्यात साळूची आईही गेली.

सुगी आली, पण गावात कुठूनच तो वास आला नाही. साळूला घर फार मोठं वाटायला लागलं. मग एका सकाळी तिनं फडताळ रिकामं केलं. तळाशी, फडक्यात गुंडाळलेली, आईच्या हातची एक वडी निघाली.

दुधाला जसं विरजण, तशी सातूच्या पाण्याला ही वडी लागते. आई दर खेपेला मडक्याच्या तळाचा गाळ पिठात मळून वड्या थापी, सावलीत वाळवी आणि पुढच्या खेपेला वापरी. आजारपणात मडकं चढलंच नव्हतं, बाकीच्या वड्या उंदरांनी खाल्ल्या होत्या. आता साऱ्या गावात ही एकच उरली होती.

साळूनं आईला हजारदा बघितलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. तिनं सातू भिजवले, ओल्या फडक्यात मोड आणले, उन्हात वाळवले, जात्यावर भरडले. भरड ऊन पाण्यात मुरवली, गाळली, डोंगरातला कडू पाला घालून उकळली. आणि मडकं चुलीवरून उतरवताच अर्धी वडी त्यात चुरून टाकली.

दुसऱ्या दिवशी तिनं फडकं उचलून बघितलं. पाणी डोळा मिटून पडलं होतं. तिसऱ्या दिवशीही तेच. ना फेस, ना वास.

साळू उंबऱ्यावर बसली आणि रडली. रडताना केस तोंडावर आले, ते मागे सारताना तिचा हात थांबला. मडकं उतरवलं की आई नेहमी हाक मारायची, “ये गं, वेणी घालते.” तेल लावी, गुंता सोडवी, माहेरच्या गोष्टी सांगत सावकाश तीन पेड घाली. वेणीला गाठ मारली की उठे आणि मग वडी टाके. साळूला वाटायचं, आई चुलीपुढून उठून जरा टेकते आहे. आई मडकं निवायची वाट बघत होती. साळूनं वडी कढत पाण्यात घालून मारली होती.

तिनं तेच पाणी पुन्हा उकळलं, उतरवलं, आणि आरसा न घेता स्वतःच्या केसांना तेल लावून वेणी घालायला बसली. हात सवयीचे नव्हते, पेड तिरके आले. गाठ मारल्यावर तिनं मनगट मडक्याला लावून बघितलं आणि उरलेली अर्धी वडी टाकली.

सकाळी ओसरीपर्यंत वास आला होता.

वास गावातही गेला. थोरली मंडळी उठून बसली. पाटील म्हणाले, पोरीनं घराण्याचं नाव राखलं. तात्या, म्हणजे साळूचे थोरले काका, म्हणाले की आता रीत तेवढी पाळायला हवी. मुरलं की मडकं घेऊन नदीवर यायचं.

“पण का, तात्या?” साळूनं विचारलं.

“शिकाऊ हाताचं पोटात गेलं तर गावाला बाधा होते. आणि पहिली भाकरी कोण खातं? कुत्रं.”

“कुत्र्याला तरी मिळते ना? इथं नदीला.”

तात्यांनी तिला सांगितलं की जीभ वडीपेक्षा लवकर आंबली आहे. मंडळी हसली. गाळ ओतला की वडी संपली आणि गावातलं सातूचं कायमचं संपलं, हे साळूनं त्यांना परोपरीनं सांगून बघितलं. पाटलांनी हळहळून मान हलवली. पूर्वीसारखं आता काही उरलं नाही, असं ते म्हणाले, आणि रीत ती रीत, असंही म्हणाले.

मडकं न्यायच्या दिवशी तात्यांची बायको, थोरली काकू, मागच्या दारानं आली. तिच्या पदराखाली लोटा होता.

“यात गाळ काढून घे आणि बाकीचं ओत जा. सगळे खूश.”

“आणि कुणाला कळलं तर?”

काकू हसली. “आजवर कुणाला कळलंय? माझं पहिलं मडकं आम्ही असंच लोटाभर प्यालो होतो, गोठ्यात. मी आणि तुझी आई. तिचं नाक फेसात बुडालं आणि ती इतकी हसली की म्हैस दावं तोडायला लागली. तिनंही तिच्या वेळी तेच केलं. चाखल्याशिवाय कुठली बाई शिकेल गं?”

साळूला आईचं ते हसणं कधी बघायला मिळालं नव्हतं. पण तिनं लोटा रिकामाच काकूच्या हातात दिला आणि मडकं डोक्यावर घेतलं.

नदीच्या काठावर मंडळी उंबराखाली बसली होती. बायका मागे उभ्या होत्या. साळूनं मडकं वाळूत टेकवलं.

“ओत,” तात्या म्हणाले.

“नाही ओतणार.”

“काय म्हणालीस?”

“नाही ओतणार, आणि चोरूनही ठेवणार नाही. माझ्या आईनं तिचं पहिलं मडकं चाखलं होतं. पुढे तिच्या हातचं तुम्ही सगळे प्यालात, तात्या. कुणाला बाधा झाली ते सांगा, मी आत्ता ओतते.”

पाटील तात्यांकडे बघू लागले. तात्या कडाडले की मेलेल्या बाईबद्दल काहीही बोलू नये, पुरावा काय?

मागून थोरली काकू पुढे आली. “मी होते तिच्याबरोबर,” ती म्हणाली. “मीही चाखलं.”

मग आणखी एक बाई पुढे आली. मग पाटलीणबाई.

नदी वाहत होती. साळूनं मडकं पुन्हा डोक्यावर घेतलं आणि ती गाळाच्या वड्या थापायला घरी निघाली.

तात्पर्य म्हणून मुलांना सांगायचं ते इतकंच: जो नियम सगळे लपून मोडतात, तो एकीनं तरी उजेडात मोडावा; म्हणजे पुढच्या पोरीला पदराखाली लोटा न्यावा लागत नाही.